सातव्या थराखाली

गोष्ट अर्ध्यात टाकू नये, असं आमच्याकडे म्हणतात.
वाटेत सोडलेला वीर तिथंच गारठतो,
मग सांगणाऱ्याच्या दाराशी येतो
आणि रात्रभर त्याचा घोडा बाहेर फुरफुरत राहतो.

बाझान आज्यानं टाकली.
तेस नदीच्या हिवाळी तळावर, तिसऱ्या रात्री,
बाहेर उणे एकेचाळीस,
मी चुलीत शेणी सारायला वाकले तेव्हा
तो बिननावाचा पोरगा
चोरीला गेलेल्या दोनशे घोड्यांच्या मागावर
जमिनीच्या सातव्या थरात नुकता उतरला होता.
पाठीला बापाचं धनुष्य, खिशात वाळवलेलं दही.
"तिथं सूर्य अर्धाच असतो," आजा म्हणाला, "आणि त्या उजेडात—"
आणि त्याच्या ओठाची उजवी कड
मेणासारखी ओघळली.

किझिलचं इस्पितळ. वॉर्ड नंबर चार.
वाचा येईल कदाचित, डॉक्टर म्हणतात,
आणि पुढचा कागद उलटतात.
आज्यापाशी आता एकच अक्षर उरलंय : आं.
पाणी हवं, आं. खिडकी लाव, आं.
आणि रात्री दोन वाजता, डोळे टक्क उघडे,
आं. आं.
तहान नव्हे ती. मला कळतं.
खाली कुणीतरी खोळंबलंय.

म्हणून मीच लागले सांगायला.
मी, शोंचालाय, डेअरीत लिटरांचा हिशेब लिहिणारी,
नऊ हिवाळे ऐकूनही जिला सूर लागत नाही.
नेलं त्याला कळपापर्यंत. राखणदाराला झोपवलं.
घोडे मोजून घेतले, दोनदा, सवयीनं.
पण वर कसं आणायचं?
आजा दरसाल निराळी वाट काढायचा,
कधी केसांचा दोर, कधी मुंग्यांचं बीळ,
आणि विचारलं तर म्हणायचा, "तो गेला तसा मी गेलो."

"गरुड," पलीकडच्या खाटेवरून प्रोखोर बोलला.
सोन्याच्या खाणीत जन्म गेला त्याचा, आता एक पाय गेलाय.
"आमच्यात गरुडावर बसतात.
वाटेत मांस संपलं, की आपली मांडी कापून भरवायची."
"पिंढरी!" वाझगेन उठून बसला,
आर्मेनियाचा गवंडी, कमरेपर्यंत प्लास्टर.
"मांडी कुठली? पिंढरी. माझी आजी शपथेवर सांगायची."
जुंपली दोघांची,
कुठला तुकडा कापावा यावरून,
थोटकावरची चादर सरकली तरी प्रोखोरला भान नाही.

झार्गाल, बुर्यात ट्रकवाला, भिंतीकडे तोंड करून पडलेला,
तीन दिवसांत पहिल्यांदा बोलला :
"आणि दोनशे घोडे? तेही गरुडावर?"

वॉर्ड गप्प.
रेडिएटरमध्ये पाणी गुडगुडलं.

"गाभण घोडी पुढं घाला," तो म्हणाला.
"पोटात शिंगरू असलं, की तिला वरच्या गवताचा वास येतो.
बर्फाखालून येतो. मी पाहिलंय.
बाकीचे येतात मागोमाग."
आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

पहाटे चारला पोरगा वर आला.
मांडी शाबूत, पिंढरी शाबूत,
दोघे म्हातारे जरा हिरमुसलेच.
भुवयांवर दहिवर, तंबूतून धूर,
दारात आई, हातात मिठाच्या चहाचा वाडगा.
आता फक्त नाव द्यायचं राहिलं.
परतल्यावरच मिळतं ते, त्याआधी नाही,
आणि ते द्यायचं आज्यानं. दरसाल नवं.

मी आज्याकडे पाहिलं.
त्याचा डावा हात खाटेच्या कठड्यावर वाजत होता,
चार बोटं, दुडकी चाल,
रात्रभर तोच ठेका होता माझ्या बोलण्याखाली
आणि मला वाटत होतं, नळ गळतोय.
"आजा, पोचला तो. उतरू दे की."
बोटं थांबेनात.
दारावरून गेली, आईवरून गेली,
वाडग्यातली वाफ तशीच राहिली,
बोटं भरधाव निघाली खिंडीकडे.

सहाला चिमिस नर्स आली, सलाईन घेऊन.
डाव्या हाताची शीर पटकन सापडते, तिला ठाऊक आहे.
तिनं हात पुढं केला. ठेका ऐकला.
जराशी थांबली,
आणि खाटेला वळसा घालून
त्याचा उजवा हात घेतला, थंड, जड,
कुठंच न जाणारा.
तीनदा टोचावं लागलं तिला.